जनुक तोडलं, पण नक्की काय तुटलं? भ्रूणातल्या रक्तवाहिन्या आणि जनुक-नियमन

रक्तिमा

दुसऱ्या एका धाग्यावर 'व्हीईजीएफ वाढवलं की रक्तवाहिन्या वाढतात' असं सरळसोट विधान आलं होतं. व्हीईजीएफ म्हणजे अस्तरपेशींना 'वाहिन्या वाढवा' असा संदेश देणारं प्रथिन. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

मुळापासून बघू. भ्रूणातली पहिली रक्तवाहिनी दुसऱ्या वाहिनीला फुटवा येऊन होत नाही, कारण तोवर वाहिनीच नसते. भ्रूणाच्या मधल्या थरातल्या (मध्यस्तरातल्या) काही पेशी वाहिनीचं अस्तर व्हायचं ठरवतात, शरीराच्या मध्यरेषेकडे सरकतात, एकमेकींना चिकटतात आणि त्यांची नळी होते. हे 'ठरवणं' कुठल्या जनुकाच्या हातात आहे, हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता.

झेब्राफिश या छोट्या माशात १९९५ साली 'क्लोश' नावाचा म्युटंट (जनुकात बिघाड असलेला वंश) वर्णन केला गेला. क्लोश म्हणजे फ्रेंचमध्ये घंटा. याचं हृदय घंटेसारखं फुगतं. या भ्रूणात अस्तरपेशीही जवळजवळ नाहीत आणि रक्तपेशीही नाहीत, म्हणजे दोन्हींच्या वरचं काहीतरी गेलेलं आहे हे उघड होतं. तरी जनुक हाती लागायला २०१६ उजाडलं. ते १३व्या गुणसूत्राच्या पार टोकाला बसलेलं आहे आणि अशा टोकांचा नकाशा नीट जुळवणं फार जिकिरीचं असतं. सापडलं ते एनपास४एल, एक ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर (डीएनएवर बसून दुसरी जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन). तो ईटीव्ही२, टाल१ आणि एलएमओ२ ही जनुकं सुरू करतो.

यातलं ईटीव्ही२ सगळ्यात मजेशीर. मांडव घालणाऱ्या कंत्राटदारासारखं त्याचं काम आहे: येतो, खांब रोवतो, कापड ताणतो आणि निघून जातो. उंदराच्या भ्रूणात ते साधारण सातव्या-आठव्या दिवसांत चालू असतं, नंतर बंद पडतं. पुढची राखण ईआरजी आणि एफएलआय१ हे त्याच घराण्यातले भाऊबंद करतात. उंदरात ईटीव्ही२ काढून टाकलं तर वाहिन्या होतच नाहीत आणि भ्रूण साडेनऊव्या दिवसाच्या सुमारास मरतो. झेब्राफिशमध्ये ते नसेल तर ज्या पेशी अस्तर व्हायच्या त्यांतल्या काही चक्क हृदयाचा स्नायू होतात. तेव्हा 'वाहिनी हो' हे सांगण्याइतकंच 'स्नायू होऊ नकोस' हे सांगणंही याच्याकडे आहे.

आता व्हीईजीएफ. १९९६ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की उंदरात या जनुकाची एकच प्रत गेली, दुसरी शाबूत असली, तरी भ्रूण गर्भावस्थेच्या मध्यावर मरतो. अशी जनुकं फार थोडी. आणि २००० साली उलट बाजू कळली: त्याच जागेवरून दुप्पट-तिप्पट व्हीईजीएफ तयार होऊ दिलं तरी भ्रूण साधारण साडेबारा ते चौदा दिवसांत हृदयाच्या बिघाडाने जातो. निम्म्याने मरण आणि दुपटीनेही मरण. मग 'वाढवलं की वाढतात' याला काय अर्थ उरला?

शिवाय नुसतं किती हे पुरत नाही, कोणत्या रूपात हेही लागतं. एकाच जनुकाच्या आरएनएची (प्रथिन बनवण्यासाठी काढलेल्या जनुकाच्या नकलेची) कातरजोड वेगवेगळी होऊन उंदरात १२०, १६४ आणि १८८ अमिनो आम्लांची रूपं होतात. १२० वालं पेशींबाहेरच्या जाळीला चिकटत नाही, दूर पसरून जातं. फक्त तेवढंच बनवणाऱ्या उंदरांत वाहिन्या रुंद होतात पण फांद्या कमी फुटतात, कारण 'कुठल्या दिशेला जायचं' हे सांगणारा चढ-उतारच राहत नाही.

वामकुक्षी

वाचनखूण साठवली. अर्धं डोक्यावरून गेलं, पण मांडववाला लक्षात राहील. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

शंकासुर

रक्तिमाताई, एक मूलभूत शंका. ईटीव्ही२, ईआरजी, एफएलआय१ हे सगळे ईटीएस घराण्यातले. माणसात या घराण्यात २८ सभासद आहेत आणि बहुतेक सगळे डीएनएवर जी-जी-ए-ए एवढीच चार अक्षरं शोधतात. ही चार अक्षरं तर जीनोमभर, म्हणजे सगळ्या डीएनएभर, सांडलेली असणार. मग नेमक्या वाहिनीच्याच जनुकांपाशी जाऊन बसायचं हे कळतं कसं?

उत्तरा_जो

चांगला प्रश्न आहे. सरासरीने चार अक्षरांचा कोणताही क्रम दर २५६ अक्षरांनी एकदा येतो, आणि डीएनएच्या दोन्ही धाग्यांवर शोधलं तर त्याच्या दुप्पट वेळा. म्हणजे पत्ता म्हणून तो निरुपयोगीच.

उत्तराचा एक भाग २००८ मध्ये मिळाला. वाहिन्यांच्या बऱ्याच एन्हान्सरमध्ये (जनुक कुठे आणि केव्हा चालू व्हायचं ते ठरवणारे डीएनएचे तुकडे) ईटीएसच्या जागेला खेटून फॉक्स या दुसऱ्या फॅक्टर-घराण्याची एक जागा असते, दोन्ही मिळून एक जोडपत्ता. फॉक्ससी२ आणि ईटीव्ही२ दोघं एकत्र बसले की जोर कितीतरी पट वाढतो. बेडकाच्या भ्रूणात या दोघांचे आरएनए एकत्र टोचले तर वाहिन्यांची जनुकं भलत्याच जागी चालू होतात. घराचा नंबर सगळ्या गल्ल्यांत असतो, गल्लीचं नाव सोबत असलं की पत्र पोचतं.

पण 'जागा सापडली' म्हणजे 'काम सिद्ध झालं' नव्हे. संगणकावर जोडपत्ता दिसला म्हणून त्याला एन्हान्सर म्हणण्याची घाई खूप जण करतात. तपासायची रीत अशी: तो तुकडा, बहुधा काहीशे अक्षरांचा, एका दुबळ्या प्रमोटरच्या (जिथून जनुक वाचायला सुरुवात होते ती जागा) आणि जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाच्या जनुकाच्या पुढे जोडायचा. टॉल२ या, जीनोममध्ये घुसणाऱ्या डीएनए-वाहकात घालून झेब्राफिशच्या एकपेशीय भ्रूणात साधारण २५ पिकोग्रॅम डीएनए आणि तेवढाच ट्रान्सपोझेजचा (वाहकाला घुसवणाऱ्या विकराचा) आरएनए टोचायचा. मग वाहिन्या हिरव्या दिसतात का ते पाहायचं. त्यानंतर तेवढीच चार-सहा अक्षरं बदललेला तुकडा तसाच टोचायचा.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, टोचलेल्या पिढीत डीएनए प्रत्येक पेशीत शिरत नाही, भ्रूण ठिपक्याठिपक्यांचा होतो. दोन-चार भ्रूण बघून 'बदललेल्या तुकड्यात चमक नाही' म्हणणं म्हणजे चार शितांवरून परातभर भाताची परीक्षा. दोन्ही तुकड्यांचे शंभराच्या आसपास भ्रूण मोजा आणि शक्य असेल तर पुढच्या पिढीपर्यंत नेऊन स्थिर वंश तयार करा. दुसरं, टॉल२ जीनोममध्ये कुठेही बसतं आणि शेजारच्या एन्हान्सरचा रंग तुमच्या जीएफपीला लागतो. म्हणून एका वंशावर विसंबायचं नाही. निदान दोन-तीन स्वतंत्र वंशांत तेच दिसलं पाहिजे.

याचं सुंदर उदाहरण डीएलएल४ या रोहिणीच्या (धमनीच्या) जनुकाचं. त्याच्या तिसऱ्या इंट्रॉनमध्ये (जनुकातला, प्रथिनात न उतरणारा तुकडा) एक एन्हान्सर आहे. त्यातली सॉक्सएफ या फॅक्टरांची जागा मोडली तरी चमक राहते, आरबीपीजेची (म्हणजे शेजारच्या पेशीकडून येणाऱ्या 'नॉच' संदेशाची) मोडली तरी राहते. दोन्ही मोडल्या की विझते. हे २०१३ चं काम. एकेकच जागा मोडून पाहिली असती तर दोघीही 'बिनकामाच्या' ठरल्या असत्या!

रक्तिमा

उत्तरा, छान. रोहिणी-नीला (धमनी-शीर) निघालंच आहे तर थोडक्यात: पृष्ठरज्जूकडून (नोटोकॉर्ड) सोनिक हेजहॉग हा संदेश, त्यामुळे शेजारच्या खंडांतून (पाठीलगतचे, पुढे स्नायू होणारे पेशींचे ठोकळे) व्हीईजीएफ, त्यामुळे महारोहिणीच्या पेशींत नॉच, आणि नॉचमुळे इफ्रिन-बी२, म्हणजे रोहिणीची खूण. झेब्राफिशमध्ये ही साखळी २००१-०२ पर्यंत बांधून झाली. नीलेच्या पेशींवर ईपीएच-बी४ असतं, त्यामुळे दोघी एकमेकींना ओळखून वेगळ्या राहतात.

नीला म्हणजे 'काहीच न ठरवता उरलेली वाहिनी' असं बराच काळ धरलं जायचं. २००५ मध्ये हे मोडलं. सीओयूपी-टीएफ२ हा फॅक्टर नीलेत नॉचला दाबून ठेवतो आणि तो काढला की नीलेवर रोहिणीच्या खुणा उगवतात. नीलेलाही नीला राहण्यासाठी कष्ट पडतात, एवढं मान्य करायला हरकत नसावी.

अंडेपंडित

धागा उत्तम, पण सगळं श्रेय जनुकांच्या साखळीला देताय त्यावर आक्षेप. रक्ताच्या प्रवाहाचं काय? कोंबडीच्या भ्रूणात बलकावर पसरलेलं वाहिन्यांचं जाळं उघड्या डोळ्यांना दिसतं. २००४ मध्ये त्यातली बलकाची रोहिणी बांधून प्रवाह तोडला, तर रोहिणीच्या बाजूच्या वाहिन्या नीलेसारख्या झाल्या, खुणाही बदलल्या. प्रवाह परत दिला तर पुन्हा रोहिणीकडे वळल्या. शिक्का आधीच मारलेला असता तर हे झालं नसतं.

रक्तिमा

पंडितजी, दोन्ही खरं आहे, फक्त वेळ वेगवेगळी. झेब्राफिशमध्ये प्रवाह सुरू होतो फलनानंतर साधारण २४ ते २६ तासांनी. इफ्रिन-बी२ महारोहिणीत त्याआधीच दिसतं. टीएनएनटी२ए हे हृदयस्नायूचं जनुक दाबलं तर हृदय धडकतच नाही, प्रवाह शून्य. तरी रोहिणीची ती पहिली खूण उमटते. (मासा एवढासा आहे की पहिले काही दिवस प्राणवायू कातडीतून झिरपून पोचतो. उंदरात हा प्रयोग करायला गेलात तर भ्रूण आधी गुदमरून मरेल आणि प्रवाहामुळे काय बिघडलं आणि गुदमरल्यामुळे काय, हे वेगळं काढता येणार नाही.) पहिला शिक्का प्रवाहाविना बसतो. तो टिकवायला, पक्का करायला आणि वेळ पडली तर पुसायला प्रवाह लागतो.

झेब्रेवाला

आणि प्रवाह म्हणजे जनुक-नियमनाच्या बाहेरचं काही नाही. रक्त अस्तराला घासून जातं तेव्हा पेशीत एमईकेके३–ईआरके५ या संदेशमार्गाने एमईएफ२ हा फॅक्टर जागा होतो आणि तो केएलएफ२ हे जनुक सुरू करतो. २०१० मध्ये झेब्राफिशच्या कल्ल्याजवळच्या रोहिण्यांत पुढची कडी दिसली: केएलएफ२ए (केएलएफ२ चं माशातलं रूप) मुळे मायक्रोआरएनए-१२६ (दुसऱ्या जनुकांना दाबणारा छोटा आरएनए) वाढतो आणि तो व्हीईजीएफ संदेशाचे ब्रेक काढतो. त्याचं लक्ष्य म्हणजे स्प्रेड१ आणि पीआयके३आर२, दोन्ही लगाम ओढणारे.

आता मायक्रोआरएनए-१२६ आलाच आहे तर धाग्याच्या शीर्षकाला हात घालतो. तो राहतो कुठे? ईजीएफएल७ नावाच्या जनुकाच्या इंट्रॉनमध्ये, पोटभाडेकरू म्हणून. या एका जागेने संशोधकांना दोनदा चकवलं.

पहिला चकवा उंदरातला. ईजीएफएल७ काढून टाकल्यावर सूज, रक्तस्राव आणि बऱ्याच भ्रूणांचा मृत्यू दिसला. निष्कर्ष सोपा वाटला की ईजीएफएल७ हे प्रथिन वाहिन्यांना लागतं. २००८ मध्ये दोन्ही वेगवेगळे तोडून पाहिले. मायक्रोआरएनएला धक्का न लावता ईजीएफएल७ काढलं तर उंदीर ठणठणीत. ईजीएफएल७ ला धक्का न लावता मायक्रोआरएनए काढला तर सूज, रक्तस्राव, मृत्यू. म्हणजे घर पाडताना आतला भाडेकरू मेला होता आणि शोक घरमालकाचा चालला होता.

दुसरा चकवा माशातला आणि तो जास्त खोल आहे. मॉर्फोलिनोने (जनुकाच्या आरएनएवर बसून त्याला अडवणारा कृत्रिम रेणू) ईजीएफएल७ दाबलं तर वाहिन्यांच्या नळ्या बिघडतात. जनुकातच बिघाड केलेले म्युटंट तयार केले तर बहुतेक भ्रूण बरे. सगळ्यांनी लगेच मॉर्फोलिनोच्या नावाने खडे फोडायला सुरुवात केली. पण २०१५ च्या कामात तोच मॉर्फोलिनो म्युटंटमध्ये टोचला तर त्यांना फारसं काही झालं नाही. मॉर्फोलिनो विषारी असता तर म्युटंटही आजारी पडायला हवे होते! खरं कारण असं निघालं की म्युटंटमध्ये एमिलिन३ए सारखी नातलग जनुकं वर उचलली गेली होती आणि त्यांनी काम सांभाळलं होतं. मॉर्फोलिनोने दाबलेल्या भ्रूणात ही उचल होत नाही.

का होत नाही, ते २०१९ मध्ये कळलं. बिघडलेल्या जनुकाचा आरएनए बनतो, त्यात अकाली थांबा असतो म्हणून पेशी त्याचे तुकडे करते आणि हे तुकडे होणंच नातलग जनुकांना चेतवतं. मॉर्फोलिनो नुसता अडसर घालतो, तुकडे करत नाही.

शंकासुर

म्हणजे म्युटंट बनवूनही खात्री नाही? मग करायचं काय?

झेब्रेवाला

करायचं हे की आरएनएच बनणार नाही असा म्युटंट करायचा. क्रिस्पर या डीएनए कापायच्या तंत्राचे दोन गाइड (कापायची जागा दाखवणारे आरएनए) घेऊन प्रमोटर आणि पहिला एक्सॉन (कातरजोडीनंतर आरएनएत उरणारा तुकडा) उडवायचा, किंवा पूर्ण जनुक. चार-आठ अक्षरांची भर-घट करून प्रथिनाची वाचन-चौकट मोडणारे म्युटंट सोपे पडतात म्हणून सगळे तेच करतात, आणि नेमकं तिथेच हे भरपाईचं लचांड मागे लागतं. उडवण्याआधी इंट्रॉनमध्ये कोणी भाडेकरू आहे का तेवढं बघा.

मॉर्फोलिनो वापरायचाच असेल तर:

थेंब मोजा. खनिज तेलाच्या थेंबात, मायक्रोमीटरच्या पट्टीवर. एक नॅनोलीटरच्या थेंबाचा व्यास १२४ मायक्रॉन येतो, अर्ध्या नॅनोलीटरचा ९८. व्यासात १० टक्के चूक म्हणजे आकारमानात ३३ टक्के. सुईचं टोक मध्येच तुटलं की पुन्हा मोजायचं; हे टाळणाऱ्यांच्याच आलेखात 'विविधता' जास्त असते.

मात्रा चढती ठेवा, साधारण १ ते ८ नॅनोग्रॅम, आणि परिणाम दिसणारी सगळ्यात कमी मात्रा धरा. डोक्यात करडे, मेलेल्या पेशींचे डाग दिसले तर पी५३ (पेशींना मरायला लावणारं प्रथिन) जागा झाला आहे. वाहिन्यांबद्दल तो भ्रूण काही सांगू शकत नाही. एकाच जनुकावर वेगळ्या जागी बसणारे दोन मॉर्फोलिनो घ्या, आणि ज्यावर मॉर्फोलिनो बसू शकत नाही असा आरएनए सोबत टोचून बिघाड सुधारतो का पाहा. आणि वर सांगितलेली सगळ्यात कडक कसोटी: पूर्ण मोडलेल्या म्युटंटमध्ये टोचून जादा काही होत नाही ना.

उत्तरा_जो

+१. यात एक भर, कारण या क्षेत्रातली निम्मी खोटी निदानं इथून येतात. झेब्राफिशच्या धडातल्या खंडांमधल्या वाहिन्या २० ते २२ तासांनी महारोहिणीतून वर फुटतात आणि ३०-३२ तासांच्या सुमारास पाठीकडे एकमेकींना जोडल्या जातात. टोचलेला भ्रूण तीन-चार तास मागे पडलेला असेल तर २८ तासांच्या फोटोत त्याच्या वाहिन्या 'अपुऱ्या' दिसतातच. म्हणून घड्याळ बघायचं नाही, खंड मोजायचे. २८.५ अंशांवर तासाला दोनाच्या आसपास खंड पडतात. खंड पडायचे थांबले की डोक्याचा आणि धडाचा कोन बघायचा. तोच भ्रूण सहा तासांनी पुन्हा पाहिला की उशीर होता की बिघाड होता ते आपोआप कळतं.

फोटोसाठी रंगद्रव्य थांबवायला पीटीयू हे रसायन ०.००३ टक्के, २४ तासांच्या आत घाला. आधी बनलेलं रंगद्रव्य त्याने जात नाही. भूल ट्रायकेनची, ०.०१६ टक्क्यांच्या आसपास. पण ट्रायकेन हृदयही मंदावतं. केएलएफ२ए किंवा प्रवाहाशी संबंधित काही मोजणार असाल तर भूल जितकी लांब, तितका तुमचा प्रवाह खोटा. तुलनेतल्या दोन्ही गटांना मिनिटाला मिनिट सारखी भूल द्या.

रक्तिमा

झेब्राफिशचं एवढं कौतुक चाललंय म्हणून एक अवांतर: हा मासा आपल्याच उपखंडातला आहे. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांत त्याची नोंद केली. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं.

पहाट_२२

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. एमएस्सीचा सहा महिन्यांचा प्रकल्प आहे, विषय भ्रूणातल्या वाहिन्या. कॉलेजात मासे नाहीत, क्रिस्पर नाही. इन्क्युबेटर आणि साधा सूक्ष्मदर्शक आहे. काही करता येईल का?

अंडेपंडित

येईल की! कोंबडीची अंडी.

आधी मुख्य गोष्ट: किराणा दुकानातली अंडी फलित नसतात. त्या कोंबड्यांमध्ये कोंबडा नसतोच. हॅचरीतून फलित अंडी मागा. ती फ्रिजमध्ये ४ अंशांवर ठेवू नका, १३ ते १५ अंशांवर, आठवड्याच्या आत वापरा. एप्रिल-मे मध्ये अंडी नुसती टेबलावर राहिली तर खोलीच्या उष्णतेवरच भ्रूण अर्धवट वाढायला लागतो आणि मग एकाच दिवशी उबायला ठेवलेली अंडी वेगवेगळ्या अवस्थांत निघतात. विद्यार्थी इन्क्युबेटरला दोष देत बसतात.

३७.५ ते ३८ अंश, आर्द्रता ६० टक्क्यांजवळ, आणि अंडी आडवी. आडवी ठेवली की भ्रूण तरंगून वरच्या बाजूला येतो. तिथे पेन्सिलीने खूण करा. साधारण दीड दिवसाला हृदय धडकू लागतं. अडीच-तीन दिवसांनी बोथट टोकाला छिद्र पाडून सुई खालच्या दिशेने घाला आणि २-३ मिलिलीटर पांढरं काढा, बलकाला टोक लागू देऊ नका. भ्रूण कवचापासून खाली उतरतो. मग खुणेपाशी कवचावर चिकटपट्टी लावून बारीक कात्रीने खिडकी कापा. पांढरं न काढता खिडकी कापली तर भ्रूणच कापला जातो, ही पहिल्या डझनातली ठरलेली चूक. खिडकी चिकटपट्टीने घट्ट बंद करा, नाहीतर भ्रूण सुकतो.

पहाट_२२

खूप आभार सर. जनुक-नियमनाचा भाग कसा आणायचा पण? नुसत्या वाहिन्या मोजल्या तर गाइड म्हणतील हे तर आधीच झालंय.

उत्तरा_जो

बलकाच्या रोहिणीचा प्रयोग घे. एका बाजूची रोहिणी बारीक धाग्याने बांध, दुसरी बाजू त्याच भ्रूणातली तुलना म्हणून तशीच ठेव. काही तासांनी दोन्हीकडचं जाळं वेगवेगळं कापून घे, आरएनए काढ आणि क्यूपीसीआरवर (आरएनएचं प्रमाण मोजायची पद्धत) इफ्रिन-बी२, ईपीएच-बी४ आणि केएलएफ२ बघ. क्यूपीसीआर तुमच्याकडे नसेल तर शेजारच्या विद्यापीठात विचार, एक-दोन दिवसांचं काम आहे.

दोन गोष्टी सांभाळ. त्या जाळ्यात रक्तपेशीही असतात, आणि बांधलेल्या बाजूला रक्त साचलं किंवा ओसरलं की आरएनएतला त्यांचा वाटा बदलतो. तुकडे सलाइनमध्ये नीट धुऊन घे आणि तुलना रक्तपेशींच्या ग्लोबिनशी किंवा सगळ्या पेशींत चालणाऱ्या सर्वसाधारण जनुकाशी न करता व्हीई-कॅडहेरिन या अस्तरपेशींच्या जनुकाशी कर, म्हणजे अस्तरपेशींच्या मानाने किती ते कळेल. आणि काही भ्रूणांत धागा नुसता खालून घालून न बांधता सोड. धाग्याच्या इजेनेच जनुकं हलली असतील तर ती इथे पकडली जातील.

अंडेपंडित

सुरुवातीला चार डझन अंडी धर. डझनभर खिडकी शिकण्यात जातील, डझनभर गाठ शिकण्यात. गाठीसाठी १०-० चा नायलॉन धागा, नेत्रशस्त्रक्रियेत वापरतात तो. जाड धाग्याने रोहिणी बांधली जात नाही, कापली जाते.